हातोडीची मींड

पियानोची पट्टी दाबली की आत नेमके काय घडते, हे एकदा झाकण उघडून पाहण्याजोगे आहे. नमदा गुंडाळलेली लहानशी लाकडी हातोडी तारेवर आदळते आणि त्याच क्षणी मागे सरते. त्या निमिषभराच्या भेटीतून सूर जन्माला येतो आणि वादकाची त्याच्यावरची सत्ता तिथेच संपते. त्याला तो सूर वाढवता येत नाही, आंदोलित करता येत नाही, वळवता येत नाही. बोट तसेच ठेवून त्याला त्याच्या आयुष्याने जगू द्यावे किंवा बोट उचलून त्याचा शेवट लवकर करावा, एवढेच त्याच्या हाती उरते. पियानोचा प्रत्येक सूर जन्मल्या क्षणापासून विझू लागलेला असतो. आता त्याच्या शेजारी लता मंगेशकरांचा सूर ठेवून पाहा. तो हळुवार उमलतो, मधोमध भरत जातो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट चालून जातो. हे दोन स्वभाव इतके परस्परविरुद्ध, की एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचा विचारही करू नये. आणि तरीही १९६४ च्या ‘वो कौन थी?’मधले मदनमोहनांचे ‘लग जा गले’ कुणी पियानोवर वाजवू लागले, की आपण हातातले काम खाली ठेवतो. हिंदी गाण्यांपैकी पियानोवर पुन्हा पुन्हा आणि हौसेने वाजवली जाणारी जी मोजकी गाणी आहेत, त्यांतले हे एक. या गाण्यात पियानोला इतके काय सापडते, हे पाहण्यातही एक निराळी गोडी आहे. ती आज आपण सावकाश चाखू.

कसलेला वादक गाणे एकदम आपल्या हाती देत नाही. तो आधी पहाडीच्या छायेत काही सुटे सूर पेरतो, मंद्रात एखादी लांब घंटा वाजावी तसा षड्ज टेकवतो, आणि मुखड्याच्या दिशेने दोन पावले टाकून पुन्हा मागे फिरतो. हॉटेलच्या लॉबीत, चमच्याकपांच्या आवाजात, कुणी फारसे ऐकत नसताना वाजवणाऱ्या वादकांना ही युक्ती विशेष साधलेली असते, कारण श्रोत्याला गप्पांतून उठवून आणण्याचे दुसरे साधन त्यांच्यापाशी नसते. शब्द असते तर पहिल्याच शब्दाला गाणे ओळखले गेले असते. इथे ओळख पटायला तीन-चार सूर लागतात, आणि त्या तीन-चार सुरांत आपल्या मनात जी धांदल उडते ती फार गोड असते. दुष्यंताला अंगठी पाहून सारे आठवले ते एका झटक्यात. इथे अंगठी आधी नुसती चमकते, मग तिची कड दिसते, मग खडा, आणि मग आपण मनातल्या मनात ‘अरे, हे तर...’ म्हणतो. पुढच्या टेबलावरचा एक गृहस्थ कप ओठांशी नेता नेता थांबतो, तो याच क्षणी. गायिकेच्या तोंडून गाणे ऐकताना या ओळखीच्या सुखाला आपण मुकलेलो असतो. ते फक्त शब्दावाचून वाजणाऱ्या वाद्याचे देणे आहे.

मुखडा स्थिरावला, की कान एका बारीक ठिकाणी लावावा. राजा मेहदी अली खान यांच्या या गीतात मुखड्याच्या ओळी आणि प्रत्येक कडव्याचा शेवट पुन्हा पुन्हा एकाच इवल्याशा शब्दसमूहावर येऊन टेकतात. घडेल की घडणार नाही, असा संशय बोलून दाखवणारी ती जेमतेम तीन अक्षरे गझलेतल्या रदीफेसारखी परत परत येतात. गायिकेपाशी त्या अक्षरांचा अर्थ आहे; तिने नुसता श्वास बदलला तरी संशयाची छटा बदलते. पियानोवादकापुढे मात्र तीन सूर उरतात, आणि तेही दर वेळी तेच. मग हा संशय दाखवायचा कसा?

उजव्या हाताने इथे काही करू नये, हे जाणता वादक ओळखून असतो. करायचे ते डाव्या हाताने. पहिल्या वेळी तो खाली सा-ग-पची भरभक्कम कॉर्ड ठेवतो, आणि आपल्याला वाटते की सगळे ठीक आहे, रात्र आपलीच आहे. दुसऱ्या वेळी वरचे सूर तसेच, त्यांचा क्रम तोच, वजनही तेच. पण तळातला षड्ज काढून घेऊन तिथे मंद्र धैवत आलेला असतो. ध-सा-ग. वरचे दोन सूर पहिल्याही कॉर्डमध्ये होतेच, बदलला तो फक्त पाया, आणि तेवढ्याने साऱ्या ओळीवर सावली पडते. गाणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू न हलता डोळ्यांतला भाव पालटावा, तसे काहीसे हे होते. तिसऱ्या वेळी तर तो डावा हात वाजवीतच नाही. तीन सूर एकटे, आधारावाचून, खोलीभर पसरतात आणि विझतात. संशय इतक्या स्पष्टपणे शब्दांनीही बोलला नसता, असे मला दर वेळी वाटते. अर्थात हे वाटणे मूळ शब्द पाठ असलेल्या माणसाचे आहे, हेही खरे.

त्या धैवताची आणखी एक करामत आहे, ती रसिकांपेक्षा पियानो जुळवणाऱ्यांना अधिक ठाऊक असते. पियानोचे बारा स्वर सारख्या अंतरावर लावलेले असतात, आणि या सोयीची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते ती गंधाराला. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार ज्यांच्या कानात मुरलेला आहे, त्यांना पियानोचा गंधार किंचित चढा लागतो. पेटीवर शास्त्रकारांचा जो राग होता, त्यातला एक भाग हाच. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दार बंद ठेवले त्यामागे असेच आक्षेप होते. पहाडीच्या अंगाने जाणाऱ्या चालीत गंधारावर विसावण्याचा मोह तर वारंवार होतो. अशा विसाव्याच्या जागी खाली षड्ज ठणठणीत वाजत असेल, तर तो चढेपणा उघडा पडतो. पण षड्ज बाजूला ठेवून तळाशी एकटा धैवत ठेवला, तर वरचा गंधार त्या धैवताचा पंचम होऊन बसतो, आणि पंचमाच्या नात्यात पियानोची जुळणी जवळजवळ निर्दोष असते. भाव गहिरा करण्यासाठी वादकाने जो धैवत निवडला, त्यानेच वाद्याचा दोषही झाकला. हे तो समजून करतो की कानाने आपसूक करतो, याला महत्त्व नाही. आपल्याला मात्र त्या क्षणी गंधार अचानक निवळल्यासारखा वाटतो.

आता मींडेकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड ओघळत जाणे हा आपल्या गाण्याचा प्राण, आणि पियानोत तर दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही, नुसती फट. ही फट बुजवण्याचे काही मार्ग वादकांनी शोधून काढले आहेत. त्यांतला पहिला अगदी शारीरिक आहे. काळ्या पट्टीवर ठेवलेले बोट न उचलता तसेच खाली घसरवून शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर आणले, की दोन आघातांमधला अवकाश इतका अरुंद होतो की कानाला दोन सूर न लागता एक वळण लागते. अमेरिकेतले ब्लूज वाजवणारे पियानोवादक हे सर्रास करत आले आहेत, आणि आपल्या गाण्यातल्या कणस्वराला ते आश्चर्य वाटावे इतके शोभून दिसते. गंमत अशी, की ही घसरण एकाच दिशेने मिळते. काळी पट्टी उंच असल्यामुळे तिच्यावरून उतरता येते, पांढरीवरून तिच्यावर घसरत जाता येत नाही.

त्यामुळे गाणे कोणत्या स्वरात वाजवायचे, हा प्रश्न पियानोवर नुसता गळ्याच्या सोयीचा राहत नाही. पांढरी एकला षड्ज धरला तर कोमल गंधार काळ्या पट्टीवर येतो आणि शुद्ध गंधार लगतच्या पांढरीवर. कोमलाचा हलका स्पर्श करून शुद्धावर उतरणे बोटाला सहज साधते. तेच गाणे काळी एकमध्ये नेले की दोन्ही गंधार शेजारशेजारच्या पांढऱ्या पट्ट्यांवर जाऊन बसतात आणि ती घसरण हातातून निसटते. गायकाच्या स्वराला धरून वाजवायची सवय असलेले साथीदार ‘काळी चार’ म्हटले की काळी चार धरतात. एकल वाजवणारा मात्र गाण्यातली कोणती मींड आपल्याला सर्वांत प्रिय आहे, ते आधी ठरवतो आणि ती ज्या स्वरात बोटाखाली येईल तो स्वर निवडतो. एका हरकतीसाठी अख्खे गाणे अर्ध्या स्वराने वर-खाली सरकवणारा माणूस मला फार जवळचा वाटतो.

दुसरा मार्ग याहून सूक्ष्म. पहिला सूर वाजला, तो विझू लागला. दुसरा सूर वाजवायचा तो पहिल्याच्या मूळ जोराने नव्हे, तर तो विझत विझत ज्या पातळीला आलेला असेल त्या पातळीला जुळवून. असे केले की दुसऱ्या सुराचा आघात जाणवत नाही. पहिलाच सूर चालत दुसऱ्या जागी गेला असे कान मानून घेतो. लांब सुरानंतर येणारा सूर म्हणून फार मृदू वाजवायचा, आखूड सुरानंतरचा थोडा ठाम. पायाखालचे पेडल पूर्ण न दाबता अर्धवट दाबले, की तारांवरच्या नमद्याच्या गाद्या नुसत्या टेकतात, आणि जुन्या सुराचा थोडा ओलावा नव्यात मिसळतो. इथे वादक विझण्याशी झगडत नाही. विझण्याचाच वेग मोजून त्याच्यावर पुढचे पाऊल टाकतो. सुरुवातीला जो या वाद्याचा दोष म्हणून आपण मांडला, त्याचीच इथे मींड झालेली आहे.

मराठी कानाला शब्दावाचून गाणे ऐकण्याची सवय नवी नाही. नाट्यपद पेटीवर एकल वाजवावे आणि श्रोत्यांनी मनात शब्द म्हणत माना डोलवाव्यात, ही रीत गोविंदराव टेंबे आणि पी. मधुकर यांच्यासारख्यांनी इथे रुजवली. पेटीपाशी भाता आहे. तिला सूर फुलवता येतो, लांबवता येतो, ते पियानोला येत नाही. पण पेटीच्या सगळ्या सुरांना वारा एकाच भात्याचा. चार पट्ट्या दाबल्या तर त्यांतल्या एकीलाच अधिक जोर देता येत नाही. पियानोत प्रत्येक बोटाचे वजन वेगळे बोलते. उजव्या हाताची पाच बोटे एकदम पाच पट्ट्यांवर पडली, तरी करंगळीखालचा सूर उजळ आणि बाकीचे चार त्याच्यामागे अंधुक राहू शकतात. गाणे करंगळीत, वाद्यवृंद उरलेल्या बोटांत. शरीरातल्या सर्वांत दुबळ्या बोटाकडे लताबाईंची जागा यावी, आणि त्या बोटाने ती वर्षानुवर्षांच्या मेहनतीने पेलावी, यात मला थोडे हसू येते आणि पुष्कळ आदर वाटतो.

वाद्यावरच्या चित्रपटगीतांची आपल्याकडे मोठी वंशावळ आहे. मुंबईत वाढून पुढे कलकत्त्याचे झालेले व्ही. बलसारा, पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनिएल्स, आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या पियानोवादनावरच आपली ओळख उभी करणारे कानपूरचे ब्रायन सायलस, ही नावे रेकॉर्डी आणि कॅसेटी जपणाऱ्या घरांत परकी नाहीत. त्याहून मागे गेलो, तर १९ व्या शतकातल्या युरोपातल्या दिवाणखान्यांत आपण पोचतो. तिथेही लोक ऑपेरा ऐकून घरी येत आणि त्यातली आवडती गाणी पियानोवर पुन्हा मागत. व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’वर लिस्टने बांधलेली पियानोरचना अशाच मागणीच्या वातावरणातली. लिस्टचा प्रतिस्पर्धी झिगिस्मुंड थालबेर्ग याने तर पियानोवर गावे कसे, हे शिकवण्यासाठी गाण्यांच्या रूपांतरांचा एक संग्रहच तयार केला.

थालबेर्गची एक युक्ती ‘लग जा गले’च्या अंतऱ्यात आजही उपयोगी पडते. अंतऱ्यात चाल वर चढते. गायिकेचा आवाज वर जाताना धारदार आणि आर्त होतो. पियानो मात्र वरच्या सप्तकात बारीक आणि कोरडा होत जातो, अगदी वरच्या पट्ट्यांच्या तारा तर इतक्या आखूड की त्यांचे सूर लगेच विरतात आणि त्यांना दाबायला गादीचीही गरज नसते. साधा वादक इथे वर चढतो आणि पातळ पडतो. मग भर घालण्यासाठी तोच सूर दोन सप्तकांत एकदम वाजवतो. जाणता वादक उलट करतो. तो गाणे खाली, पियानोच्या मधल्या, चेलोसारख्या गाभ्यात आणतो, आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये वाटून वाजवतो. एक सूर डाव्या अंगठ्याने, पुढचा उजव्याने. उरलेली बोटे त्या चालीच्या खाली आणि वर कॉर्डचे सूर सुटे करून पसरत राहतात. डोळे मिटले तर तीन हात वाजवत आहेत असे वाटते. थालबेर्गला ऐकणाऱ्यांनाही तसेच वाटे. चढणारा अंतरा खाली आणून त्याची उत्कटता वाढवणे हा मला या सगळ्या वादनातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. गायिका जे उंचीने साधते, ते इथे खोलीने साधले जाते.

या सुट्या कॉर्डांचे मूळ गाण्याबाहेरचे नाही, हे इथे सांगायला हवे. पियानोवाल्याने हिंदी गाण्याला पाश्चात्त्य कपडे चढवले, अशी तक्रार अधूनमधून कानावर येते. पण त्या काळच्या मुंबईच्या स्टुडिओंत संगीतकाराची चाल वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवणारे, व्हायोलिनच्या रांगांना त्यांचे सूर वाटून देणारे अनेक हात गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यांतली ठळक नावे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेल्या पिढ्यांनी आपल्या चित्रगीताच्या पोटात हार्मनी विणून ठेवली, आणि आपण मुखड्याच्या नादात ती कधी वेगळी ऐकलीच नाही. पियानोवर गाण्यातला आवाज आणि शब्द दोन्ही बाजूला झाले, की हे विणकाम उघडे पडते. मधले म्युझिक पीस वाजवताना तर वादकाची खरी कसोटी. पंचवीस-तीस व्हायोलिनांचा लोंढा दहा बोटांत आणायचा. तो जसाच्या तसा येत नाही, आणि जो आणू पाहतो त्याच्या हाती धबधब्यासारखा नुसता आवाज लागतो. शहाणा वादक त्यातली एकच ओळ उचलतो आणि बाकीची आपल्या आठवणीवर सोडून देतो. एखादा मिस्कील वादक त्या मोकळ्या जागेत त्याच चित्रपटातल्या ‘नैना बरसे रिमझिम’ची तीन-चार सुरांची चाहूल डाव्या हातात हळूच सोडून जातो. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे, त्यांच्या अंगावर काटा येतो. साधनाने साकारलेली नायिका खरोखर कोण आहे, हा त्या कथेतला प्रश्न क्षणभर या प्रेमगीतात डोकावून जातो.

आठवणीवर सोडून देणे, हे या कलेचे मर्म आहे असे मला वाटते. पियानोचे सूर विझतात आणि त्यांच्यामध्ये ज्या फटी राहतात, त्या फटींत आपण लताबाईंचा आवाज घालतो. आपण तिथे नुसते ऐकत नाही, मनात गात असतो. गाणे कधीच न ऐकलेल्या परदेशी पाहुण्याला हेच वादन ऐकवले, तर तो ‘छान चाल आहे’ म्हणेल आणि त्यात खोटे काही नसेल. पण त्याच्यापुरत्या त्या फटी रिकाम्याच राहतील. अलीकडे मात्र उलटा प्रवासही दिसतो. काही मुले हे गाणे आधी पियानोवर ऐकतात, शिकतात, आणि मग कधीतरी मूळ ध्वनिमुद्रण त्यांच्या कानी पडते. त्यांना तो आवाज ऐकून काय वाटत असेल, याचे मला मोठे कुतूहल आहे. आपण साठ वर्षे जी मींड मनात भरत आलो, ती त्यांना एकाएकी खरोखरची ऐकू येत असणार.

हिंदी पडद्यावरचा पियानो तरी दुसरे काय करत आला? १९४९ च्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमार नौशादांच्या चाली मुकेशच्या गळ्यातून गातो तो पियानोपाशी, ‘गुमराह’मध्ये सुनील दत्त, ‘संगम’मध्ये राज कपूर, ‘ब्रह्मचारी’त शम्मी कपूर, सगळे त्याच बाकावर येऊन बसतात. भरल्या मेजवानीत, सर्वांच्या देखत, फक्त एकाच व्यक्तीला कळेल असे काही बोलायचे असले की आपला नायक पियानोकडे वळतो. त्याची बोटे आणि ऐकू येणारे सूर यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही, चाल खाली उतरत असताना हात उजवीकडे सरकतात, पण ते आपण उदारपणे माफ केलेले आहे. चारचौघांत खासगी बोलण्याचे हे वाद्य, अशी त्याची आपल्या मनात प्रतिमा ठसली, ती या दृश्यांमुळे. लॉबीतला वादक शब्दावाचून ‘लग जा गले’ वाजवतो तेव्हा तो त्याच परंपरेत बसलेला असतो. फरक एवढाच की त्याच्या श्रोत्यांपैकी नेमके कुणाशी हे बोलणे चालले आहे, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

असा वादक भेटला, आणि फर्माईश विचारू लागला, तर शेवटी ‘संगम’मधले ‘दोस्त दोस्त ना रहा’ मागावे. शंकर-जयकिशन यांची ही चाल भैरवीची, म्हणजे मैफल संपवण्याची रीतही पाळली जाते. पण मागण्याचे खरे कारण बोटांत आहे. पांढरी एकला षड्ज धरला तर भैरवीचे चारही कोमल स्वर, रिषभ, गंधार, धैवत, निषाद, काळ्या पट्ट्यांवर येतात. कोमल रिषभावरून षड्जावर उतरणे आणि कोमल धैवतावरून पंचमावर उतरणे, ज्या दोन उतरणींत भैरवीची सारी व्याकुळता साठलेली आहे, त्या दोन्ही इथे काळीवरून पांढरीवर, म्हणजे बोट घसरू शकेल त्याच दिशेने येतात. वादकाच्या उजव्या हाताकडे पाहत बसावे. रिषभावर बोट किती वेळ थांबते आणि मग कसे निसटते, ते प्रत्येकाचे वेगळे असते.